पाच पावलांवरून हाक

माझ्यावर ज्यांचं सगळ्यात मोठं ऋण आहे ते वजीर मिस्त्री. सेलूच्या कापूस बाजारामागे, रेल्वेच्या तारेच्या कुंपणाला लागून त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे सहा पत्रे, एक लिंबाचं झाड आणि त्या लिंबाच्या जाड फांदीला बांधलेली, इंजिन उचलायची साखळी. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. आम्ही म्हणजे मी एकटाच. पण त्यांच्याविषयी लिहायला बसलो की स्वतःसाठीसुद्धा ‘आम्ही’ येतं. त्यांच्या शेजारी उभं असल्यासारखं वाटतं.

परवा सेलूवरून गेलो. कापसाचा हंगाम पुन्हा भरात आला होता. मोंढ्याकडे, म्हणजे त्या कापूस बाजाराकडे, वळणाऱ्या रस्त्यावर आता बैलगाड्यांऐवजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असतात, पण रुई तशीच उडते. विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, हॉटेलच्या पाटीवर, चहाच्या सायीवर. एक पुंजका माझ्या नाकाशी आला. शिंक यायला हवी होती. मला पेट्रोलचा वास आला.

तो हिवाळा पेट्रोलचा होता. हरभऱ्याच्या पानांवरल्या आंबट आंबीचा, सरकीच्या तेलकट वासाचा आणि पेट्रोलचा.

आमचं घर मेंढरांचं. चार-दोन एकर कोरडवाहू आणि बाकी सगळा संसार चार पायांवर चालणारा. आबा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाघरीत शिरताना तोंड फिरवून बसायचे. मोजायचे नाहीत. नुसतं ऐकायचे. खुरांचा, श्वासाचा, खोकल्याचा आवाज. मग म्हणायचे, “काळ्या कानाची मागं राहिली. खुरात काटा हाय.” जाऊन बघावं तर खरंच काटा असायचा. मी लहानपणी कंदील घेऊन मेंढरं बघायला धावलो की रागवायचे. “बगू नगं. आइक आधी.”

अशा घरातला मी पहिला पदवीधर. बीएस्सी झालो तेव्हा गावात कुणाला बीएस्सी म्हणजे काय हे सांगता येत नव्हतं, आणि मलाही फारसं येत नव्हतं. ते दिवस विद्यापीठाच्या नावाच्या वादाचे. कॉलेजच्या कंपाउंडवर एका बाजूला ‘झालंच पाहिजे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘होऊ देणार नाही’ असं गेरूनं लिहिलेलं. परीक्षा पुढे जायच्या, एसटी बंद व्हायची, आणि गावाकडे चालत जाताना ज्या वस्त्यांमध्ये आधी पाणी मागून प्यायचो तिथली दारं लावलेली दिसायची. एका नावासाठी माणसांनी किती सोसलं ते तेव्हा मला पूर्ण कळलं नाही. वय होतं, पण कळण्याची तयारी नव्हती. माझ्या पदवीच्या कागदावर जुनं नाव आहे, माझ्या धाकट्या भावाच्या कागदावर नवं. दोन्ही कागद घरी एकाच पत्र्याच्या पेटीत आहेत.

पदवी झाली आणि नोकरी नाही. अर्ज पाठवत होतो. एका ज्येष्ठात आबांनी वजीर मिस्त्रींच्या दारात नेऊन उभं केलं. म्हणाले, “मिस्त्री, पोरगं शिकलंय लय. कायतरी काम बी शिकवा.”

उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल केलेली, बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं बसलेलं. समोर एक गाडी चालू होती. म्हणाले, “क्या बोलती रे गाडी? सांग.”

मी विज्ञानाचा पदवीधर. घसा साफ करून सांगितलं, “इंजिनातून अनियमित आघात होत आहेत.”

“आघात?” उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. “कोन मेलं?”

समोरच्या हॉटेलातले मारोतराव चहाची किटली घेऊन आलेले, ते हसून खाली बसले. त्या दिवसापासून बाजारात माझं नाव ‘बीएस्सी मिस्त्री’ पडलं. गिऱ्हाईक विचारायचं, “काय बीएस्सी, आज किती आघात?”

उस्ताद मात्र हसले नाहीत. म्हणाले, “किताबातलं नक्को. तुज्या बापाच्या मेंढरात सांग.”

मी डोळे मिटले. आबांसारखं तोंड फिरवलं. चार सिलिंडरांची गाडी. म्हणजे चार मेंढरं एकामागोमाग वाघरीत शिरताहेत. एक, दोन, तीन, आणि... “तिसरं खोकतंय,” मी म्हणालो. “खोकून मग पळत पळत बाकीच्यांना गाठतंय.”

“हौ,” उस्ताद म्हणाले. “आता बोलला.” तिसरा प्लग काढला, तो काजळीनं भरलेला होता.

मला वाटलं होतं, ते माझी परीक्षा घेताहेत. उत्तर त्यांना माहीत असणारच. दसऱ्यापर्यंत मी तसंच समजत होतो.

जुने मिस्त्री इंजिनाचा आवाज पेचकसनं ऐकतात. पेचकसचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. आतली कुरकुर थेट कानात येते. उस्तादही तसंच करायचे. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी अचानक पत्र्याआड गेलो तेव्हा ते मूठ कानाला नाही, दातांत धरून वाकले होते. मला बघून चटकन पेचकस बाजूला केला. “दाढ दुखायलीय,” म्हणाले. “मूठ चावली की बरं वाटतं.”

मी बीएस्सी होतो. ध्वनी हाडांमधूनही जातो हे पुस्तकात वाचून पास झालो होतो. कान गेला तरी दातांतून, जबड्याच्या हाडातून आवाज आत पोचतो. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळू म्हणाले, “दोन बरस झाले. आधी बायां गया, फिर दायां. कुनाला बोलू नक्को. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोन आननार?”

त्या गल्लीत ते लपून राहिलं याचं कारण जिनिंग. हंगामात शेजारच्या, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची घरघर सकाळपासून चालायची. तिथं जो तो ओरडूनच बोलायचा आणि जो तो ‘आँ? आँ?’ करायचा. बहिरा माणूस त्या आवाजात उठून दिसत नाही. शिवाय उस्ताद ओठ वाचायला शिकले होते. कुणी शिकवलं नव्हतं, गरजेनं शिकवलं.

मग आमचे काही नियम ठरले. ते पाठमोरे असताना हाक मारायची नाही. जवळ जायचं आणि खांद्यावर हात ठेवायचा. गाडीचा आवाज मी ऐकायचा आणि मेंढरांच्या भाषेत, त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचा. आणि दादाराव आले की मी कामातून उठून पुढे व्हायचं.

दादाराव हे चारठाण्याकडचे मोठे शेतकरी. त्यांची पेट्रोलची जुनी जीप पंधरा वर्षं उस्तादांच्या हाताखाली होती. त्यांची जीप जिथं, तिथं त्या भागातल्या बाकीच्यांच्या गाड्या. आणि दादारावांना झुपकेदार मिशा होत्या. वरचा ओठ पूर्ण झाकलेला, खालचा निम्मा. त्या मिशांमागून काय चाललंय ते उस्तादांना अजिबात कळायचं नाही. दादाराव बोलले की मी उस्तादांकडे तोंड करून तेच प्रश्नासारखं म्हणायचो, “म्हंजे दादा, चढाला दम खाती म्हनता?”

दादाराव एकदा वैतागले. “आरं, मी तेच म्हनलं की आत्ता! ह्या पोराला ऐकू कमी येतंय का, मिस्त्री?”

उस्ताद गंभीरपणे मान हलवत म्हणाले, “थोडं कमीच हाय, दादा. सांबाळून घ्या.”

महिनाभर मी दादारावांच्या भागातल्या गिऱ्हाइकांत बहिरा म्हणून ओळखला गेलो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट काहीतरी जपून ठेवायला दिल्यासारखं वाटायचं.

पौषात दादाराव बातमी घेऊन आले. सोनपेठच्या बाजूला, गोदेच्या अलीकडच्या एका गावात दरवर्षी शंकरपट भरायचा. सरळ रानातून बैलजोडी पळवायची, एकेक जोडी, घड्याळ लावून. या वर्षी बैलांनंतर मोटारींचाही पट ठेवला होता. हौसेचा. नियम एकच: गाडी घरची पाहिजे. जशी रोज शेतात, बाजारात जाते तशीच पळवायची. एक नट जास्त नाही, एक नट कमी नाही. टप काढायचा नाही, सीट काढायची नाही.

“पळवायची आपली,” दादाराव म्हणाले. मी उस्तादांकडे वळून तेच म्हणालो. दादाराव पुढे जे बोलले ते मात्र मी लगेच वळून सांगू शकलो नाही. “लोक म्हनायलेत, वजीर मिस्त्रीचा हात आता पयल्यासारखा राहिला न्हाई. परभनीला नवं गॅरेज झालंय, तिकडं टाका. मी म्हनलं, पट होऊ द्या. गाडी कशी पळती बगू, मग ठरवू.”

दादाराव गेल्यावर सांगितलं. उस्ताद लिंबाखाली बसले. सुपारी कातरली. बराच वेळ नुसतीच हातात धरली. मग म्हणाले, “हात तो वहीच है.” आणि उठले.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते असं म्हणालो तर घरचे रागावतील. पण होते. सकाळी थंडीत इंजिनावर हात ठेवायचा तर लोखंड चावायचं. कार्बोरेटर उघडून पेट्रोलमध्ये धुवायचा, त्याच्या सुईएवढ्या भोकातून फुंकर घालायची. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मोजायची पट्टी हरवली होती. उस्ताद पोस्टकार्डाचा कोपरा त्यात सरकवून अंदाज घ्यायचे. कोरं कार्ड नको, आलेलं पाहिजे, हाताळून मऊ झालेलं. टायरमधली हवा मुठीनं ठोकून बघायचे, अगदी आबा मेंढराच्या पाठीवर थाप मारून मांस बघतात तसं.

ऑइलचं विचारलं तर दादाराव म्हणाले होते, “परवाच बदललंय.” आम्ही निर्धास्त. चौथ्या दिवशी खालचा नट सैल केला तर डांबरासारखं काळं ऑइल गळायला लागलं. उस्तादांनी बोटावर घेऊन वास घेतला, मग मला दाखवलं. आमच्याकडे परवा म्हणजे कालच्या मागचा कोणताही दिवस. दादारावांचा परवा पोळ्याच्या आधीचा होता. या लेखाच्या सुरुवातीला मी परवा सेलूवरून गेलो असं लिहिलंय, त्यालाही आता दोन महिने होत आले.

आणि ते पोतं. जीपमध्ये मागे कायम सरकीचं एक पोतं असायचं, दादारावांच्या म्हशींसाठी. मी ते उतरवायला गेलो. वजन कमी तर वेग जास्त, एवढं विज्ञान मला येत होतं. उस्तादांनी हात धरला. “घरकी गाडी, घरका पोता,” म्हणाले, आणि डोळे मिचकावले. मग मातीत बोटानं रेघ ओढून दाखवलं: भुसभुशीत काळं रान, मागची चाकं जागेवरच फिरणार, मागे वजन असेल तर ती माती धरणार.

गाडी मी पळवायची असं ठरलं, कारण झेंडी वर झाली तरी शिट्टी ऐकूनच सुटायचं होतं. पण मला गिअर टाकायला नेहमी उशीर व्हायचा. इंजिन ओरडायला लागलं की मग माझा हात हलायचा. उस्ताद शेजारी बसून कपाळावर हात मारायचे. एका सकाळी पाथरी रस्त्याच्या सरळ पट्ट्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. माझ्या पायातल्या चपला काढून मागे टाकल्या. रस्त्याकडेच्या बाभळीला गाड्यांमधून निसटलेला कापूस अडकला होता, तो काढला, बोटांत वळून त्याचे बोळे केले आणि माझ्या दोन्ही कानांत घट्ट बसवले.

जग बंद झालं. समोर एक बैलगाडी गेली, तिची चाकं फिरत होती आणि आवाज नव्हता. उस्तादांचे ओठ हलले. मी वाचले: “अब चला.”

मी क्लच सोडला. आणि हळूहळू तळव्यातून इंजिन वर यायला लागलं. आधी मुंग्या आल्यासारखं, मग पोटरीत, मग गुडघ्यात. त्या थरथरीत एक जागा येते, जिथं ती एकदम बारीक होते, तांदूळ पाखडताना सूप क्षणभर थांबतं तशी. त्या क्षणी उस्तादांनी माझ्या हातावर हात ठेवून गिअर टाकला. गाडी ओरडली नाही, अडखळली नाही. नुसती पुढे गेली.

चार-पाच मैल तसेच गेलो. परतताना मी कानातला कापूस काढला नाही. उस्ताद दोन वर्षं जिथं एकटे राहत होते तिथं थोडं बसून घ्यावं असं वाटलं. तिथं फार थंडी होती.

आता मी शाळेत ध्वनी शिकवतो तेव्हा मुलांना पेचकस दातांत धरायला देतो. मुलं खिदळतात, एकमेकांना ढकलतात, मग कुणाला तरी घड्याळाची टिकटिक जबड्यातून ऐकू येते आणि त्याचा चेहरा बदलतो. दरवर्षी एक तरी चेहरा असा बदलतो. पुस्तकात तो धडा दोन पानांचा आहे.

पण त्या हिवाळ्यात मी एक गोष्ट उस्तादांपासून लपवत होतो. संक्रांतीच्या आठवड्यात मला नोकरीचं पत्र आलं होतं. जिंतूरच्या पलीकडच्या एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक. जूनपासून रुजू व्हा, होकार महिन्याच्या आत कळवा. घरात पहिलीवहिली नोकरी. आबांनी ते पत्र उलटंसुलटं करून देवापुढे ठेवलं. मी ते तिथून उचललं आणि खिशात ठेवून फिरत राहिलो. मी गेलो तर उस्तादांचे कान कोण होणार? दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हणजे गुपित फुटणार. कापूस काढलेल्या कानांनी मी रात्रंदिवस हेच ऐकत होतो. आणि खरं सांगायचं तर मी थकलोही होतो. दुसऱ्याचे कान होणं म्हणजे स्वतःचे कान कधीच मिटता न येणं.

पटाचा दिवस उजाडला. हायब्रीड ज्वारी निघालेल्या रानावर रूळ फिरवून सरळ, लांबच लांब पट्टा केला होता. दोन्ही अंगांना माणसं, मधे भजी तळल्याचा धूर. सकाळभर बैल पळाले. मोटारी पाचच आल्या. नियम तपासायला एक म्हातारे पंच होते, पागोटं बांधलेले. जीपभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी पोत्यावर काठी ठेवली.

“हे काय हाय?”

“सरकी,” मी म्हणालो. “म्हशीची.”

“रोज असतंय का?”

“रोज.”

“मग असू द्या. उतरीवलं तर बाद करीन.”

उस्तादांनी पंचांचे ओठ वाचले आणि आभाळाकडे बघून दाढी कुरवाळली.

आम्ही तिसरे. मी अनवाणी बसलो, इंजिन चालू केलं. उस्ताद समोर पाच पावलांवर जाऊन, माझ्याकडे पाठ करून पट्टा न्याहाळत होते. कुठं माती मऊ आहे ते बघत असावेत. त्या पटाची एक रीत होती. जोडी सुटायच्या आधी बैल बुजू नयेत म्हणून लाउडस्पीकरचा भोंगा बंद करायचे आणि माणसं बोलायची थांबायची. मोटारीला कसलं बुजणं, पण रीत ती रीत. भोंगा बंद झाला. ते सगळं रान एकदम शांत झालं. जिनिंग तिथं नव्हतं.

त्या शांततेत मी ऐकलं. एक, दोन, तीन. तिसरं खोकत होतं.

मला उतरायचं होतं. पाच पावलं चालून खांद्यावर हात ठेवायचा होता. मी हाक मारली.

“उस्ताद!”

ते हलले नाहीत.

“उस्ताद!”

लोकांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. दादाराव पट्ट्याच्या कडेला होते, त्यांचीही.

“उस्ताद!” तिसऱ्यांदा मी ओरडलोच. लांब झाडावरचे बगळे उडाले. उस्ताद तसेच पाठमोरे, हात मागे बांधून, पट्ट्याकडे बघत उभे होते. माणसांतून कुणीतरी म्हणालं, “आरं, बहिरं हाय का काय ते?” आणि कुणी हसलं नाही, हे हसण्यापेक्षा वाईट होतं.

शेवटी पंचांनी जाऊन त्यांच्या दंडाला हात लावला. उस्ताद वळले. आधी पंचांकडे बघितलं, मग गप्प झालेल्या माणसांकडे, मग माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे बघताच त्यांना सगळं समजलं. मी म्हणालो, नुसते ओठ हलवून, “तिसरं.”

ते आले. बॉनेट उघडलं. खिशातून पेचकस काढला आणि त्या सगळ्या माणसांसमोर, दादारावांसमोर, मूठ दातांत धरून इंजिनावर वाकले. आजवर पत्र्याआड केलेलं काम उघड्या रानात केलं. सेलूहून इथवरच्या तीन-साडेतीन तासांच्या खडखडाटात तिसऱ्या प्लगची टोपी सैल झाली होती. अंगठ्यानं दाबून बसवली. पुन्हा मूठ दातांत धरली. मान हलवली. बॉनेट बंद करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “चल.”

शिट्टी झाली. त्या पळण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते फार लवकर संपलं. मागच्या चाकांनी माती धरली, पोतं जागेवर धपकन बसलं, तळव्यात थरथर चढली, बारीक झाली, हात हलला. पुन्हा चढली, पुन्हा बारीक झाली, पुन्हा हात हलला. एकदाही गाडी ओरडली नाही. शेवटची झेंडी मागे गेली तेव्हा मी रडत होतो, वेगामुळे नाही.

पाचांत दुसरा नंबर आला. सकाळच्या पहिल्या जोडीपेक्षा थोडकंच जलद, म्हणून एक म्हातारा म्हणत होता, “येवढं पेट्रोल पिऊन बी बैलाच्या शेपटीलाच!”

मी जीप वळवून आणली तेव्हा दादाराव उस्तादांसमोर उभे होते. काहीतरी बोलत होते. उस्ताद त्यांच्या मिशांकडे बघत होते आणि सवयीनं मला शोधत होते. मी धावत गेलो, पण पुढे झालो नाही. लपवायचं काय राहिलं होतं?

दादारावांनी मला विचारलं, “ऐकू येतच न्हाई?”

“ओठ दिसले की कळतं,” मी म्हणालो. “तुमचे दिसत न्हाईत, दादा.”

दादाराव एक पाऊल उस्तादांच्या जवळ आले. मग त्यांनी दोन्ही हातांच्या चिमटींनी आपल्या मिशा वर उचलून धरल्या. पंचक्रोशीत ज्या मिशांना कुणी हात लावला नसेल त्या, भर रानात, पडदा वर करावा तशा. आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मिस्त्री. गाडी. तुमच्याकडंच. राहनार.”

उस्तादांनी वाचलं. मान खाली घातली. मग म्हणाले, “दादा, सोडा मिश्या. दुखतील.”

संध्याकाळी परतलो. सेलूत मारोतरावांना चहा देता देता कळलं तेव्हा ते किटली धरून उभे राहिले. “मंग? आमाला ठावं न्हवतं काय? दोन साल झाले, मी त्यांना कप वर करून इचारतो, तोंडानं कुटं इचारतो? आमाला वाटलं, तुमाला न्हाई आवडायचं, म्हनून गप हावो.” आम्ही अख्ख्या बाजारापासून जे जपत होतो ते अख्खा बाजार आमच्यापासून जपत होता. दूरच्या गिऱ्हाइकांना तेवढं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नोकरीचं पत्र उस्तादांसमोर धरलं आणि त्यात काय आहे ते सांगितलं. ते म्हणाले, “तो जा ना. कामून बसलास? आता कुनी बी माज्या म्होरं उभा राहून बोलंल.” आणि मग, “चांगलंच झालं, झालं ते.” हाक का मारलीस, असं त्यांनी विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि जूनमध्ये मी निघालो तेव्हाही नाही.

शाळेत रुजू झाल्यावर मला त्यांना पत्र लिहायचं होतं. पण उस्ताद निजामाच्या काळात चौथीपर्यंत उर्दू शिकलेले. मारोतरावांच्या हॉटेलात उर्दू पेपर वाचायचे. मराठी अक्षर त्यांना येत नव्हतं. आणि पत्र कुणी वाचून दाखवावं तर ते ऐकणार कसं? म्हणून त्या गावच्या उर्दू शाळेतल्या एका शिक्षकांकडे मी रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसलो. पोरं हसायची. अक्षरं उजवीकडून सुरू होतात याची हाताला सवय व्हायलाच पंधरा दिवस लागले. अडीच महिन्यांनी मी पहिलं पत्र लिहिलं. त्याचा कच्चा कागद माझ्याजवळ आहे. तोच इथं आपल्या अक्षरांत उतरवतो.

उस्ताद, सलाम.

मी ज्ञानोबा. पत्र मीच लिहिलं आहे, कुणाकडून लिहून घेतलं नाही. भाषा आपली, अक्षरं तुमची. या अक्षरांत ळ नाही, म्हणून जिथं ‘वेल’ वाचाल तिथं ‘वेळ’ समजा.

मी बरा आहे. मुलं चांगली आहेत. आबांना माझा पहिला वर्ग बघायचा होता, ते येऊन दाराशी बसून गेले.

एक गोष्ट सांगायची राहिली. बोलून सांगायची तर तुमच्यासमोर उभं राहून, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत असताना सांगावी लागली असती. ते मला जमलं नाही.

पटाच्या दिवशी तुम्ही पाच पावलांवर होता. मला उतरता आलं असतं. वेळ होता, झेंडी अजून खाली होती. मी उतरलो नाही. पहिली हाक घाईत मारली. दुसरीही घाईतच मारली असं मी स्वतःला सांगतो. तिसरी मारली तेव्हा ती तुम्हाला जाणार नाही हे मला माहीत होतं. बाकी सगळ्यांना जाईल हेही माहीत होतं. नोकरीचा कागद खिशात होता.

सगळे म्हणतात चांगलं झालं. तुम्हीही म्हणालात. तुम्ही आणि दादाराव चांगले होता म्हणून चांगलं झालं. मी केलं ते चांगलं नव्हतं.

तुम्ही विचाराल म्हणून मी जूनपर्यंत वाट बघितली. तुम्ही विचारलं नाही, म्हणून न विचारता सांगतो.

लिहिण्यात चुका असतील. त्यांच्याखाली रेघ मारून हाच कागद परत पाठवा.

तुमचा
ज्ञानोबा